साधी की हिरवी? चिकूच्या शेकमधल्या रमविषयी

रंगपंचमी तोंडावर आली. घरोघरी मुलं परत येतील, कुणी बंगलोरहून, कुणी पुण्याहून, आणि त्यांच्याबरोबर ते मिक्सरमधलं नवं खूळही येईल. चिकूचा मिल्कशेक, त्यात रम. आंब्याचा शेक, त्यात व्होडका. केळं, कॉफी आणि परत रमच. इंदूरला आमच्या ओळखीच्या पाच-सहा मराठी घरांत हे सुरू झालेलं मला पक्कं माहीत आहे. बोलत कुणी नाही. म्हणून मी बोलते.

आधीच सांगून ठेवते, मी हे विरोधात लिहून नाही राहिले. मला स्वतःला चिकू-रम आवडतो. पहिल्यांदा मुलाने करून दिला तेव्हा मी नाक मुरडलं, आणि मग बोटाने ग्लास पुसून खाल्ला. माझं म्हणणं वेगळं आहे. ते सांगायला जरा मागे, रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी जावं लागेल.

त्या घरी रंगपंचमीला ठंडाई व्हायची. आदल्या रात्री बदाम, खसखस आणि मगज भिजत पडायचे. सकाळी बडीशेप, काळी मिरी, वेलदोडे, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, सगळं पाट्यावर गंधासारखं बारीक वाटायचं. आताच्या लोकांना मिक्सरमधली ठंडाई आणि पाट्यावरची ठंडाई यांतला फरक सांगून कळणार नाही, जाऊ दे. वाटण दुधात कालवून फडक्यातून पिळून घ्यायचं, चोथा परत वाटायचा, परत पिळायचा. हे काम आईचं आणि काकूचं. भांगेचं काम मात्र काकांचं, आणि ते अंगणात, दुसऱ्या पाट्यावर. भांगेचा पाटा स्वैंपाकघरात येत नसे. भांग इकडे कुणाला नवी नव्हती. परवान्याची दुकानं आमच्याकडे तेव्हाही होती, आजही आहेत. १९८५च्या कायद्यात गांजा आणि चरस आले, नुसती पानं बाहेर राहिली. आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर उज्जैनला काळभैरवाला मद्याचाच नैवेद्य दाखवतात. तेव्हा माळव्यातल्या माणसाने सोवळेपणाचा आव आणण्यात काही अर्थ नाही.

तर ठंडाईची भांडी दोन असत. साधीची मोठी पितळी कळशी, कल्हई केलेली. हिरवीचं भांडं लहान, आणि त्याच्या गळ्याला लाल नाडा बांधलेला. दोन्हींच्या मध्ये स्टूल टाकून आजी बसायची. नऊवारी, कपाळाला कुणीतरी लावलेला गुलाल, हातात पळी. राजवाड्याकडची गेर बघून माणसं रंगाने ओळखू न येणारी होऊन यायची. आजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "साधी की हिरवी?" कलेक्टर कचेरीतले मोठे साहेब आले तरी हाच प्रश्न, दूधवाला आला तरी हाच. उत्तर आल्याशिवाय पळी भांड्यात जात नसे. हिरवी म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न, "सायकलवर आलास का?" सायकलवर आला असेल तर सायकल आमच्या बोळात राहायची आणि तो चालत जायचा. हिरवी घेतलेल्याच्या हातात तान्हं मूल द्यायचं नाही, हाही नियम होता.

आजी स्वतः साधीच घ्यायची. हिरवी घेणाऱ्याला तिने कधी नावं ठेवली नाहीत, पण एक गोष्ट तिला खपत नसे. एका वर्षी एका पाव्हण्याने गंमत म्हणून नव्या जावयाच्या साध्या ठंडाईत हिरवीची पळी ओतली. जावई संध्याकाळपर्यंत भिंतीला धरून बसला, घाबरलेला. लोक हसत होते. आजीने त्या पाव्हण्याला पुढच्या वर्षापासून आमंत्रणच दिलं नाही. तिचं एक वाक्य मला आठवतं. भांग पिणारा शुद्ध घालवतो ती स्वतःची, पण याने दुसऱ्याची चोरली.

आता चिकू-रमकडे येते. आधी कृती सांगते, कारण चांगली करायची असेल तर त्यात दोन-चार गोष्टी आहेत.

आठ-दहा पिकलेले चिकू, मऊ पण आंबलेले नाहीत. साल काढून बिया काढायच्या. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, तो घशात अडकतो, म्हणून बी मोजून काढा. फोडी डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाकायच्या. बर्फ घालू नका. बर्फाने शेक पाणचट होतो, गोठलेल्या फळाने दाट होतो. एक लिटर म्हशीचं दूध तापवून, सायीसकट गार करून घ्यायचं. दोन चमचे दुधाची पावडर, साखर अगदी कमी, चिमूटभर जायफळ. आधी हे सगळं फिरवायचं. रम शेवटी, सावकाश, चमच्याने ढवळत. थोड्याशा दुधात एकदम कडक दारू ओतली तर दुधाचे कण धरतात. दाट, गार, सायीच्या दुधात हळूहळू घातली तर काही होत नाही. रमच का, तर रम उसाच्या मळीची, तिच्यात जळक्या साखरेचा वास असतो आणि चिकूला मुळात गुळाची चव. दोघं एकमेकांत अशी मिसळतात की कोण कुठलं ते कळत नाही.

आंब्याचं करायचं तर आंबा गोडच हवा, आंबटसर निघाला की दूध फाटतं. अननस दुधात घालू नका, दारू असो नसो. ताज्या अननसातला पाचक द्रव दुधातलं प्रथिन तोडतो आणि शेक पंधरा मिनिटांत कडू होतो. डब्यातला अननस उकळलेला असतो, तो चालतो. सीताफळाचा शेक सगळ्यात सुंदर, पण सीताफळ बियांसकट मिक्सरला लावायचं नाही. त्या बिया विषारी आहेत. गर चाळणीवर घासून काढा, हात दुखले तरी. फळ आणि दूध म्हणजे विरुद्ध आहार, असं म्हणणारी मंडळी आमच्याही घरी आहेत. त्यांना मी शिकरणाची वाटी दाखवते.

आता रम किती? इथे मुलं 'अंदाजाने' म्हणतात. मी हिशेब करायला लावते. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. लिटरभर दूध, चिकू आणि रम मिळून साधारण सात ग्लास होतात. म्हणजे एका ग्लासात २५ मिलीच्या आसपास, एका लहान पेगला थोडी कमी. आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ठीक. पण त्याच भांड्यात अंदाजाने अद्धा, म्हणजे ३७५ मिली गेला, तर प्रत्येक ग्लासात जवळपास दोन पेग. आणि चवीत फरक? फारसा नाही. खरी गडबड इथेच आहे.

पाण्यातली किंवा सोड्यातली रम स्वतःची ओळख सांगते. नाकाला कळते, घशाला कळते. दुधातली सांगत नाही. थंडी जिभेला बधिर करते, साखर कडूपणा झाकते, साय घशाची जळजळ झाकते. वर पोटात दूध-साय असल्यामुळे ती रक्तात हळूहळू चढते. माणसाला वाटतं, काहीच तर होत नाही, आण अजून एक. दुसरा ग्लास संपतो तेव्हा पहिला कुठे बोलायला लागतो. हिरव्या ठंडाईला निदान रंग तरी होता. चिकू-रमचा रंग चिकूचाच.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, एकेकाळी खूप प्यायचा. किती ते इथे लिहीत नाही. दोन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. पहिल्या वर्षी वहिनी त्याला रोज सकाळी एक गोळी द्यायची, डायसल्फिरामची. ती चालू असताना दारूचा घोट जरी पोटात गेला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. त्या वर्षात वहिनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचायची. नंतर गोळी सुटली, दारूही सुटली. गेल्या रंगपंचमीला त्याला नऊ वर्षं झाली होती.

त्या दिवशी आमच्याकडे पंधरा-वीस माणसं. मुलीचे सासू-सासरे खास गेर बघायला बडोद्याहून आलेले. गुजरातला राज्य झालं त्या १९६० सालापासून दारूबंदी. त्यांच्या घरी हा विषय निघत नाही, निदान मोठ्याने निघत नाही. म्हणून मीच मुलाला सांगितलं होतं, तुमचा तो शेक करा, पण व्याह्यांसमोर नाव काढू नका. मुलाने दोन जग भरले. एक साधा चिकू, एक रमचा. दोन्ही स्टीलचे, एकाच सेटमधले. साधा वरच्या कप्प्यात, रमचा खालच्या. मग कुणीतरी श्रीखंडाचा डबा ठेवायला जागा केली आणि जग हलले.

दादा आला, रंगाने माखलेला, दमलेला. म्हणाला, "बेबी, काहीतरी गार दे." मी वरच्या कप्प्यातला जग काढला आणि ग्लास भरून दिला.

एक मोठा घोट घेऊन तो थांबला. ग्लास तोंडापासून दूर धरला. नऊ वर्षांनीसुद्धा त्याला एका घोटात कळलं. बाकी कुणाला कळलं नसतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "यात काय आहे?"

समोर विहीणबाई बसलेल्या. मी म्हणाले, "काही नाही रे. चिकू आहे."

त्याने ग्लास टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि गेला. वहिनी आतल्या खोलीत होती, तिलाही न सांगता. मी खिडकीतून बघितलं तर तो गल्लीच्या टोकाला नळावर चुळा भरत होता. पुन्हा पुन्हा.

तीन दिवस त्याने फोन उचलला नाही. ते तीन दिवस वहिनीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. तो प्यायला नव्हता. माझ्यावर ओरडलाही नाही. म्हणाला, "जग बदलला, ते होतं गं घरात. पण मी तुला विचारलं, आणि तू काही नाही म्हणालीस. मला वाटलं आपलीच जीभ खोटं बोलून राहिली. मग वाटलं, काही नाहीच आहे तर अजून एक घ्यायला काय हरकत आहे? गल्लीच्या टोकापर्यंत हेच डोक्यात होतं."

मी त्याची माफी मागितली. तो विषय आमच्यात तिथेच संपला. माझ्यात नाही संपला.

तेव्हापासून माझं मत असं झालंय. आपल्या मराठी घरांनी दारू स्वीकारलीय, पण अर्धीच. बाटली असते, पण सुटकेसच्या मागे. पाहुणे येणार म्हटलं की गच्चीवर, गाडीत, नाहीतर स्टीलच्या ग्लासात. बायकांनी घेतली तर त्याहून लपवून. आणि मिल्कशेक या लपवालपवीला अगदी फिट बसलाय. आईसमोर पिता येतो, सासूसमोर पिता येतो, दुधाचा ग्लास आहे, कोण काय म्हणणार? म्हणूनच तो आपल्या घरांत इतक्या पटकन शिरला. मी माझ्या विहीणबाईंपासून लपवायला गेले आणि माझ्या सख्ख्या भावासमोर खोटं बोलले. व्याह्यांसमोरची अब्रू मला त्या एका क्षणी त्याच्या नऊ वर्षांपेक्षा मोठी वाटली. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटू दे.

यावर दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतात, घरात आणूच नका म्हणजे प्रश्नच नाही. मला ते पटत नाही. मुलं घरी पिणार नाहीत तर बायपासच्या ढाब्यावर पितील आणि गाडी चालवत परत येतील. त्यापेक्षा माझ्या ओट्याशी, माझ्या मापाने. गोव्याला आमची एक मावसवहिनी आहे, फोंड्याला. तिच्याकडे जेवायला गेलं की ती सगळ्यांदेखत विचारते, कोण घेणार, कोण नाही. नाही म्हणणाऱ्याला का म्हणून कुणी विचारत नाही. तिच्या घरी फेणीची बाटली तेलाच्या बरणीशेजारी उभी असते आणि मुलांना लहानपणापासून ठाऊक असतं की ती बाटली कशाची.

दुसरे म्हणतात, अरे भिया, सण आहे, थोडी गंमत, बुरा न मानो. यांच्याशी माझं जास्त भांडण आहे. न सांगता पाजण्यात गंमत पाजणाऱ्याची असते, पिणाऱ्याची नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील आणि पोट रिकामं असेल तर दारूने साखर एकदम खाली येऊ शकते. कुणी गरोदर असेल आणि अजून घरात सांगितलं नसेल. कुणी देवाचा उपास धरला असेल. कुणाला फक्त नको असेल, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. आणि ते 'मुलींसाठी गोड-गोड बनवलंय' प्रकरण तर मला अजिबात आवडत नाही. मुलींना घ्यायची असेल तर त्या मागून घेतील, नीट मापाने, काय आहे ते माहीत असून. गोडात लपवून कुणाच्या हातात देणं याला पाहुणचार म्हणत नाहीत. माझ्या भाच्याला मी हे तोंडावर सांगितलं. त्याला राग आला. येऊ दे.

आता आमच्या घरी रमचा शेक स्टीलच्या जगात होत नाही. काचेचा एक उंच जग आणलाय, त्याच्या गळ्याला लाल नाडा. तो फ्रीजमध्ये ठेवतच नाही, बर्फाच्या बादलीत बाहेर, सगळ्यांना दिसेल असा. भरताना क्वार्टर मोजून, आणि उरला तर त्याच रात्री मोरीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाणारं पोर फ्रीज उघडून चिकू शेक समजून पिऊन गेलं तर काय घ्या? गाडीच्या किल्ल्या टीव्हीखालच्या खणात. आणि जगाशेजारी कुणीतरी माणूस बसायला हवा, जग तसाच टेबलावर सोडून द्यायचा नाही.

मुलगा हसला. म्हणाला, "आई, तू तर पाटीच लावून टाक."

विहीणबाईंनाही मी सांगून टाकलं, दिवाळीला बडोद्याला गेले तेव्हा. गेल्या रंगपंचमीला आमच्याकडे काय होतं आणि मी का गप्प बसले, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्हाला वास आला होता हो. आम्ही म्हटलं, तुम्हाला संकोच नको." दोन्ही घरं एकमेकांना सांभाळत बसली होती, आणि मधल्या मध्ये दादा नळावर.

जानेवारीत मुलगा चार दिवस आला तेव्हा पुन्हा बेत झाला. दादा येणार म्हणून मी म्हटलं, रम राहू दे. दादाच म्हणाला, करा तुम्ही, माझ्यासाठी पोरांचं बंद करू नका, फक्त मला विचारा. तो आला. स्टुलावर मी बसले होते, दोन्ही जग समोर. आजीसारखी पळी नव्हती, डाव होता. मी विचारलं, "साधी की हिरवी?" चिकूचा शेक कुठून हिरवा होणार, पण तोंडातून तेच निघालं.

"साधी," तो म्हणाला, आणि भरलेला ग्लास नाकाशी नेऊन सावकाश हुंगला. मग प्यायला. अर्धा ग्लास संपवून म्हणाला, "साखर फार झाली, बेबी. आणि जायफळ विसरलीस."

खरंच विसरले होते.